लेकीला चेलो शिकायचाय म्हणतीय, शिकवू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी १२ वर्षांची, साताऱ्यात तीन वर्षं व्हायोलिन शिकतीय, यमन-भूपाच्या पुढं गेलीय, आणि मोबाईलवर कुणाचा तरी चेलो, म्हणजे बसून गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं थोरलं व्हायोलिन, ऐकला तेव्हापासून एकच धोशा लावलाय. तिचे सर म्हणतात ते आपल्या शास्त्रीयातलं वाद्यच नाही, वर्षं वाया घालवू नका. घरचे म्हणतात एवढं धूड ठेवायचं कुठं. आणि तुम्हाला विचारायचंय की खरंच याला शास्त्रीय संगीतात काही जागा आहे का हे नुसतं फॅड आहे.

मी सांगलीचा, २६ वर्षं चेलो वाजवतोय, त्याआधी सात वर्षं व्हायोलिन घासलं. पुण्या-मुंबईत रेकॉर्डिंगला, लग्नाच्या रिसेप्शनला, नाताळात चर्चमध्ये, एकदा तर एका सभेआधी पुढारी यायला उशीर झाला म्हणून दीड तास देशभक्तीची गाणी, असं सगळं वाजवून झालंय. आता घरीच असतो, तिघं शिकायला येतात. त्यामुळं जे सांगतो ते बोटाला घट्टे पडून कळलेलं आहे.

आधी एक बारकीशी गोष्ट, नाव चेलो. सेलो म्हणजे पेन आणि पाण्याची बाटली. दुकानात फोन करून सेलो आहे का विचारलंत तर समोरचा किती लिटरचा म्हणून विचारेल, माझ्या बाबतीत झालंय. मूळ इटालियन शब्द व्हायोलोनचेलो, त्यातलं व्हायोलोने म्हणजे मोठी व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण) आणि शेवटचं चेलो म्हणजे नुसतं लहानपण दाखवणारं शेपूट. थोडक्यात काय तर "बारका थोरला". आणि आपण सगळेजण नेमकं शेपूटच नाव म्हणून वापरतो.

तर सरांचं म्हणणं. मी ते हसण्यावारी नेत नाही, पण त्यांच्या स्वतःच्या हातात काय आहे तेही बघा की, व्हायोलिन! ते तरी आपलं कुठं होतं? १९व्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासकडं बालुस्वामी दीक्षितरांनी ते गोऱ्यांकडून शिकून कर्नाटक संगीतात आणलं, आणि आपल्याकडं गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग अशा मंडळींनी हिंदुस्थानीत इतकं मुरवलं की आता ते परदेशी आहे हे कुणाला आठवतही नाही. जोग तर तुमच्याच जिल्ह्यातले, १९२२ साली वाईला जन्मलेले. पेटीचं तसंच, १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातलेली, आणि आज पेटीशिवाय किती मैफली होतात सांगा. आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, त्या संगीत नाटकातला ऑर्गन काय कृष्णाकाठी उगवला होता काय. तेव्हा परदेशी आहे हे कारण सोडून द्या.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती पट्टीनं मोजता येते. घरातली शाळेची पट्टी घ्या. चेलोच्या तारेची वाजणारी लांबी साधारण ६९ सेंटीमीटर, व्हायोलिनची साडेबत्तीसच्या आसपास. मोकळी तार सा धरली तर शुद्ध रे तारेच्या नवव्या भागावर येतो, म्हणजे व्हायोलिनवर सा ते रे साडेतीन सेंटीमीटरच्या जरा पुढं आणि चेलोवर साडेसातच्या पुढं. पंचम तिसऱ्या भागावर, म्हणजे चेलोवर २३ सेंटीमीटर, पट्टीचा पाऊण भाग झाला. व्हायोलिनवर तुमच्या मुलीच्या चार बोटांत रे ग म प बसतात, हात न हलवता. चेलोवर चार बोटांत काय बसतं, तर पहिल्या बोटाला रे, दुसऱ्याला कोमल ग, तिसऱ्याला शुद्ध ग, चौथ्याला म, संपलं. तीव्र मध्यम पाहिजे तर बोटं ताणा नाहीतर हात सरकवा. कोमल रे पाहिजे तर पहिलं बोट मागं ताणा. आता यावर द्रुत तान घ्यायची म्हणजे काय होतं याचा विचार करा. होतं, अगदीच होत नाही असं नाही, पण जे व्हायोलिनवाला चहा पिता पिता वाजवतो त्याला चेलोवाल्याला घाम फुटतो, आणि एवढं करून ऐकणाऱ्याला वाटतं व्हायोलिनवरच बरं होतं.

म्हणून माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे. चेलोकडं जायचं ते खर्जासाठी. ज्याला मंद्रात रेंगाळायला आवडतं, एक सूर भरायला अर्धा मिनिट लागला तरी ज्याचा जीव कासावीस होत नाही, त्यानं हे वाद्य घ्यावं. ज्याला तान, झाला, सवाल-जवाब यातच मजा येते त्यानं व्हायोलिन सोडू नये. तुमची लेक यातली कोण हे तिच्या सरांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, त्यांना वाद्याविषयी न विचारता हे विचारा.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात तरी याची जागा काय पहिल्यापासून पुढच्या रांगेत होती असं नाही हं. १६व्या शतकात उत्तर इटलीत हे वाद्य घडलं, आंद्रेया आमाती वगैरे क्रेमोनाच्या कारागिरांच्या हातून, आणि कितीतरी वर्षं त्याचं काम म्हणजे खालचा सूर धरून बसणं. वर व्हायोलिन नाहीतर गाणारी बाई मिरवणार, शेजारी हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) वाजवणारा, आणि चेलोवाला खाली पाया धरणार. आपल्याकडं तंबोऱ्याला मागं बसलेल्या शिष्याची जी अवस्था असते साधारण तीच, फक्त याला सूर बदलायला लागायचे. वाद्यंही अवाढव्य होती कारण नुसत्या आतड्याच्या तारेतून एवढा खर्ज काढायचा तर तार लांब आणि जाड लागायची. मग १६६० च्या सुमारास बोलोन्याकडं आतड्याच्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळायची युक्ती निघाली, तार न लांबवता जड झाली, आणि वाद्य आटोपशीर करता आलं. स्त्रादिवारीनं १७०७ नंतर जो लहान साचा केला, अंग ७५-७६ सेंटीमीटरचं, तोच आजही सगळे वापरतात. आधीचे मोठे चेलो लोकांनी चक्क कापून बारके केले, आमाती असो नाहीतर कुणी असो, करवत चालवली. आमच्या मिरजेतला एखादा कारागीर हे ऐकून कानावर हात ठेवेल.

त्याच बोलोन्यात दोमेनिको गाब्रिएल्ली नावाच्या चेलोवाल्यानं १६८९ मध्ये एकट्या चेलोसाठी रचना लिहिल्या, साथीला कुणी नाही. तिथून हळूहळू गाडी पुढं सरकली. हायडननं १७७२ च्या एका क्वार्टेटची, म्हणजे चार वाद्यांच्या रचनेची, सुरुवातच चेलोला दिली, मुख्य धून त्याच्याकडं आणि व्हायोलिन मागं. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम स्वतः चेलो वाजवायचा, तर मोझार्टनं त्याच्यासाठी क्वार्टेट लिहिताना चेलोला भरपूर गायला लावलं, बेथोव्हेननं १७९६ मध्ये बर्लिनला पहिले दोन चेलो सोनाटा लिहिले तेही त्याच दरबारासाठी. संस्थानिकाला जे आवडतं त्याची भरभराट होते हे मिरजकरांना वेगळं सांगायला नको. मग द्वोराक. हा चांगला मोठा माणूस, पण चेलो एकटा ऑर्केस्ट्रापुढं टिकेल हे त्याला पटत नव्हतं. न्यूयॉर्कला असताना १८९४ मध्ये व्हिक्टर हर्बर्ट नावाच्या चेलोवाल्याचा कॉन्चेर्टो (एकटं वाद्य पुढं आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना) ऐकला आणि मत बदललं, त्याच वर्षी स्वतःचा लिहायला घेतला. आज चेलो शिकणारा कुणीही शेवटी त्या डोंगरावर चढायची स्वप्नं बघतो. म्हणजे पायाशी बसलेल्या माणसाला पुढं यायला दोनशे वर्षं लागली, तीही आपला खालचा सूर बरोबर घेऊनच.

आता बाखबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या लोकांना चेलो समजावून सांगायला माझ्याकडं याच्यापेक्षा चांगली वाट नाही. बाखनं १७२० च्या आसपास एकट्या चेलोसाठी सहा सुइट, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या माळा, लिहिले. त्याच्या हातची प्रत गेली, आपल्याला मिळाली ती त्याच्या बायकोनं, आना माग्दालेनानं उतरवून ठेवलेली. पुढं बराच काळ लोक ते रियाजाचे धडे समजायचे. १८९० मध्ये बार्सिलोनात पाब्लो कासाल्स नावाच्या १३ वर्षांच्या पोराला, तुमच्या लेकीपेक्षा एकच वर्षानं मोठा, जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची छापील प्रत सापडली, त्यानं वर्षानुवर्षं घोटलं, मैफलीत वाजवलं आणि १९३६ ते ३९ मध्ये सगळे सहा रेकॉर्ड केले, तेव्हा जग जागं झालं.

पहिल्या सुइटची सुरुवात तुमच्या मुलीला आपल्या नोटेशनमध्ये लिहून देतो, खालून दुसरी मोकळी तार सा धरायची:

सा प गं रें गं प गं प

एवढंच, दोनदा. मग सा ध मं गं मं ध मं ध, दोनदा. मग सा नी मं गं मं नी मं नी, दोनदा. तिला व्हायोलिनच्या सगळ्यात खालच्या तारेला सा धरून वाजवून बघायला सांगा, वरच्या सप्तकात पडेल पण कळेल. काय होतंय बघा, खालचा सा दर वेळी परत लागतोय, मधे प, मग ध, मग नी असा एक आवाज चढतोय, आणि वर गं-रें-गं, मं-गं-मं अशी तिसरीच धून चाललीय. एकच माणूस, एका वेळी एकच सूर, आणि तंबोरा धरून तीन जणं बसल्यासारखं वाटतं. मिरजेत एकदा एका गवई बुवांना हे ऐकवलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "षड्ज सोडत नाही, बरं आहे." पुढं बाख षड्ज सोडतो, चांगला लांब फिरून येतो, तिथं बुवांनी डोळे उघडले. असो.

आता आपल्या हिंदुस्थानी संगीतात. जागा आहे का, तर दोन बायकांची नावं सांगतो, शोधून ऐका. नॅन्सी लेश, अमेरिकेच्या, रुद्रवीणेचे झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडं शिकल्या आणि चेलोवर ध्रुपद वाजवतात. आणि सास्किया राव-द हास, नेदरलँड्सच्या, दिल्लीत राहतात, त्यांनी आपल्या बैठकीसाठी चेलोच बदलून घेतला, आकार लहान केला, वाजवायच्या पाच तारा आणि खाली दहा तरफेच्या, म्हणजे न वाजवता आपोआप घुमणाऱ्या. दोघींनी पकडलंय ते आलापाचं अंग हे लक्षात घ्या, नॅन्सीबाईंचं तर सरळ बीनकारांचं (बीन म्हणजे रुद्रवीणा). चेलोची सगळ्यात खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची, तिथं बीनकारासारखी खर्जाची आलापी करता येते आणि वर गजामुळं सूर लांबवता येतो, जो बीनेला मनासारखा लांबवता येत नाही. सारंगी लांबवते पण एवढं खाली जात नाही. म्हणजे बीन आणि सारंगी यांच्या मधली एक जागा मोकळी होती आणि चेलो तिथं बसतो. सिनेमासंगीतात तर तो कधीचाच बसलाय, पंचमदांचे सहायक बासुदेव चक्रवर्ती स्वतः चेलोवाले होते, तुम्ही जन्मभर चेलो ऐकलाय फक्त नाव माहीत नव्हतं.

तारा मी अशा लावतो. मूळ मेळ खालून वर सी-जी-डी-ए, प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. मी खालच्या दोन तशाच ठेवतो आणि वरच्या दोन प्रत्येकी एकेक सूर उतरवतो, म्हणजे पेटीच्या पांढरी एकचा (सी) सा धरून सा-प-सा-प. चढवायला जात नाही, उतरवणं केव्हाही सेफ. चार तारांचा मिळून ताण ५० किलोच्या वर असतो आणि त्याचा दाब घोडीवाटे (तारा जिच्यावर टेकतात ती) चार-पाच मिलिमीटरच्या फळीवर येतो, हे डोक्यात ठेवूनच खुंटीला हात लावायचा.

यात एक गंमत आहे. चेलोत लांडगा असतो. खरंच, वुल्फ नोटच म्हणतात त्याला. वाद्याच्या अंगाचा स्वतःचा एक घुमण्याचा सूर असतो, बहुतेक चेलोत तो ई ते एफ-शार्पच्या मधे कुठंतरी, आणि तार नेमक्या त्याच सुरावर आली की तार आणि अंग यांची भांडणं लागतात, सूर धरत नाही, गुर्रर्र गुर्रर्र करत अडखळतो. आता पांढरी एक सा धरला तर एफ-शार्प म्हणजे तीव्र मध्यम. म्हणजे मी यमन लावला की नेमका तीव्र मध्यमावर लांडगा. पहिल्यांदा घरगुती बैठकीत हे झालं तेव्हा पुढं बसलेल्या एका काकांना वाटलं मी मुद्दाम गमक घेतोय, त्यांनी दाद दिली. उपाय सोपा आहे, घोडीच्या खालच्या बाजूला तारेवर पितळेची छोटी नळी बसवतात, आत रबर असतो, ती मिलिमीटर मिलिमीटर सरकवत लांडगा दोन सुरांच्या फटीत नेऊन बसवायचा. पूर्ण जात नाही.

आणि व्हायब्रेटो. पाश्चात्त्य पद्धतीनं शिकलं की डाव्या हाताला प्रत्येक सूर हलवायची सवय लागते, आपल्या रागात ते चालत नाही, षड्ज-पंचम हलले की संपलं. माझी ही सवय मोडायला दोन वर्षं गेली. उलट मींड मात्र चेलोवर इतकी छान येते की विचारू नका, कारण तेच साडेसात सेंटीमीटर, जे तानेला शत्रू आहेत ते मींडीला मित्र. सा वरून रे वर जाताना वाटेतल्या सगळ्या श्रुती पायाखालून जातात, कुठं थांबायचं ते कानानं ठरवता येतं. दरबारीचा गंधार मी व्हायोलिनवर सात वर्षं वाजवला पण तो मला चेलोवर कळला.

आता मिरजेचा एक किस्सा, त्यात तुमच्या कामाची माहितीही आहे. पहिला चेलो मी मुंबईहून सेकंडहँड घेतला आणि रात्रीच्या महालक्ष्मीनं आणला, वरच्या बर्थवर चेलो आणि खाली मी पाय आखडून. घरी आल्यावर हलवला तर आत खडखड. एफच्या आकाराच्या भोकातून बॅटरी मारून बघितलं तर लाकडाची एक कांडी आत लोळतीय. मला वाटलं काहीतरी मोडलं. सांगलीत कुणाला दाखवणार, गेलो मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. तिथले कारागीर म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचे, मूळचे शस्त्रांना धार लावणारे शिकलगार, मग वाद्यांत आले, आता २०२४ पासून मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) सुद्धा आहे. पण चेलो त्या चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता. आधी सगळीकडनं बोटानं ठोकून ऐकला, सतारीची तबली (वरची फळी) ठोकतात तसा. मग म्हणाले, "भोपळा न्हाई, काय न्हाई, मग एवढं घुमतंय कुठनं?"

ती कांडी म्हणजे साउंड पोस्ट. वरची फळी आणि पाठ यांच्या मधे, घोडीच्या एका पायाच्या जरा मागं, ती नुसती अडकवून उभी असते, गोंद वगैरे काही नाही, तारांच्या दाबानं टिकते. फ्रेंचमध्ये आणि इटालियनमध्ये तिला आत्मा म्हणतात. हे मी चाचांना सांगितल्यावर ते हसले, म्हणाले आमच्यात तारेखाली जवारीला जो दोरा घालतो त्याला जीव म्हणतात, तुमच्यात बांबूच घातलाय. मग त्यांनी सायकलचा स्पोक एस सारखा वाकवला, टोक घासून धार केली, कांडीत जरासं खुपसलं आणि त्या भोकातून आत नेऊन उभी केली. पाऊण तास लागला. तारा चढवल्या, मी गज ओढला, आवाज घशात अडकल्यासारखा. चाचा म्हणाले थांबा, स्पोकच्या दुसऱ्या टोकानं हलकीशी टिचकी मारली, केसभर सरकली असेल नसेल, आणि खालची तार अशी बोलली की शेजारच्या दुकानातला पोरगा भोपळा कापायचा थांबून बघायला आला.

यातून घ्यायचं काय, तर साउंड पोस्ट कधी पडली तर पहिल्यांदा तारा सैल करा, मग फोन करा. आधाराशिवाय ताण राहिला तर वरची फळी खचते, तडा जातो. हे मी अनुभवानं सांगतो कारण पुढं शहाणपणा करून एका जुन्या पाऊण साइजच्या चेलोवर मी स्वतःच सात तरफा चढवल्या, सास्कियाबाईंचं बघून. त्यांनी वाद्य मुळापासून त्या हिशोबानं बनवून घेतलंय, मी नुसती भोकं पाडली. तिसऱ्या दिवशी दुपारी पंख्याखाली पडलो होतो तर टक्क असा आवाज, घोडीपासून खालपर्यंत चीर. चाचांनी चिकटवून दिला पण परत तो पूर्वीसारखा बोलला नाही.

आता व्यवहाराचं भरभर सांगतो. साइज: १२ वर्षांच्या मुलीला बहुतेक पाऊण म्हणजे थ्री-फोर्थ लागेल, पण वय बघू नका, बसवून बघा. वरची कड छातीच्या हाडाला टेकली, गुडघे खालच्या बाजूंना लागले आणि सगळ्यात खालच्या तारेची खुंटी डाव्या कानाच्या मागं आली की बरोबर. नवीन पाऊण घेऊ नका, दोन-तीन वर्षांत फुल साइज लागणारच आहे, पुण्या-मुंबईत भाड्यानं किंवा सेकंडहँड बघा. ऑनलाइन चकचकीत लाल रंगाचा जो एकदम स्वस्तात दिसतो त्याची घोडी बहुतेक वेळा नीट घासलेली नसते, तारा इतक्या उंच की पोरीची बोटं सोलून निघतील. पैसे वाचले तर ते घोडी बसवण्यात आणि बऱ्या तारांत घाला.

खुर्ची: हात नसलेली, सपाट, मांड्या जमिनीला समांतर राहतील अशी. मंगल कार्यालयातली हातवाली प्लॅस्टिकची खुर्ची चालत नाही, गज अडकतो. खाली जी लोखंडी दांडी असते, एंडपिन, ती आपल्या फरशीवर सर्रकन घसरते, त्यासाठी पट्टे मिळतात पण मी जुन्या स्लिपरचा तुकडा कापून त्याला खड्डा पाडलाय, २० वर्षं तेच चाललंय. ही दांडी फार जुनी नाही बरं का, १९व्या शतकात सेर्व्हे नावाच्या बेल्जियन वादकानं ती रूढ केली, त्याआधी लोक चेलो पोटऱ्यांत धरून वाजवायचे.

गज: केसांना बोट लावायचं नाही, वाजवून झालं की ढिला करायचा, राळ थोडीच. व्हायोलिनवाले बोटाला तेल लावतात, तिला ती सवय असेल तर इथं जपून, तेल केसांपर्यंत पोचलं की राळ धरत नाही. आणि दाबायचं नाही, हाताचं वजन सोडायचं. व्हायोलिनचा गज साधारण ६० ग्रॅम, चेलोचा ८०, पण खरं वजन खांद्यापासून येतं. व्हायोलिनवरून आलेली सगळी पोरं पहिले तीन महिने मनगटानं दाबतात आणि आवाज दारासारखा करकरतो, तेव्हा शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

हवा: आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकतं, खुंट्या सटकतात, कडेचा सांधा उघडतो, पावसाळ्यात उलटं, खुंट्या फिरतच नाहीत. साताऱ्याचा पाऊस आमच्याहून वाईट. उन्हाळ्यात केसमध्ये ओलसर स्पंज भोकाच्या साबणाच्या डबीत घालून ठेवतो, झालं. भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, आडवा कुशीवर ठेवा. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी आलं तेव्हा बायको म्हणाली आधी कागदपत्रं न्या, मी आधी चेलो नेला, ते अजून ऐकतोय. सातारकरांना पुराची भीती नाही, तुमचं बरंय.

शिक्षक: पहिलं वर्ष-दीड वर्ष पाश्चात्त्य पद्धतीनंच शिकू दे, आपलं संगीत वाजवायचं असलं तरी. बसणं, गज, अंगठा कुठं, हे त्यांनी तीनशे वर्षं घासून पक्कं केलंय, ते फुकटात मिळतंय तर घ्या. ट्रिनिटी, एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळांत दोन्हीकडं चेलोच्या ग्रेड आहेत, परीक्षा द्यायलाच पाहिजे असं नाही पण क्रम मिळतो. ऑनलाइन चालेल, पण महिन्यातून एकदा तरी समोर बसून हात दाखवला पाहिजे, कॅमेऱ्यात खांदा कळत नाही. आणि व्हायोलिनचे सर सोडू नका. राग त्यांच्याकडंच चालू दे, ते नाराज असले तरी. वर्षानं मुलगी त्यांच्यासमोर चेलोवर मंद्रात पुरिया आळवेल तेव्हा काय म्हणतात ते मला कळवा.

आणि विकत घ्यायच्या आधी एकदा तिला घेऊन सांगलीला या. काही शिकवणार नाही. खुर्चीवर बसवून खालची मोकळी तार पाच मिनिटं नुसती ओढायला लावणार, बोटं नाहीत, राग नाही. त्या तारेचा कंप छातीच्या हाडात आणि गुडघ्यात येतो, व्हायोलिनला हनुवटीत येतो तसला नाही. दोन मिनिटांत तिनं मान वर करून पुढं काय विचारलं तर तुमचे पैसे वाचले. पाच मिनिटं झाल्यावरही ओढतच राहिली तर मग बोलू. रविवारी या, पण सकाळी दहाच्या आत, नंतर मागच्या बाजूची गिरणी सुरू होते आणि तिचा खर्ज माझ्यापेक्षा भारी आहे.